टाचांपर्यंत

दोन तळवे समोरासमोर धरावेत, मध्ये वीतभर अंतर ठेवावं आणि काहीच करू नये. आधी नुसती हवा असते. मग बोटांची टोकं हळूच आपलं असणं कळवू लागतात. तळव्याच्या खळग्यात, जिथे चिनी वैद्य ‘लाओकुंग’ नावाचा बिंदू दाखवतात, तिथे मऊ ऊब साठू लागते. तळवे जवळ आणू गेलं तर मधली हवा किंचित नको म्हणते, दूर नेऊ गेलं तर किंचित ओढून धरते, आणि हे सगळं इतकं अंधूक की जाणवलं म्हणावं तोवर विरतं, भास होता म्हणावं तर पुन्हा भरून येतं. यालाच तिथे ‘ची’ म्हणतात.

निदान सुरुवातीला.

बीजिंगच्या हिवाळ्यात श्वास डोळ्यांना दिसतो. नोकरीच्या निमित्ताने मी तिथे होतो आणि सकाळी थ्येनथानच्या, म्हणजे 1420 साली बांधलेल्या स्वर्गमंदिराच्या, बागेत जात असे. तिथली सायप्रसची झाडं शेकडो वर्षांची, पिळदार बुंध्यांची. त्यांच्याखाली म्हातारी माणसं जमतात. कुणी पायाने पिसांचं फूल उडवत असतं, कुणी ऑपेरातलं एखादं गाणं घशात घोळवत असतं, आणि थोडीशी मंडळी झाडांत झाडासारखी उभी असतात. मीही त्यांच्यात उभा राहू लागलो. आमच्या शिक्षिका सत्तरीच्या पुढच्या होत्या. सगळे त्यांना ‘लाओशी’, म्हणजे शिक्षक, म्हणत. पाय खांद्यांइतके फाकवायचे, गुडघे जरासे मोडायचे, हात बुंध्याला कवेत घेतल्यासारखे गोल धरायचे आणि उभं राहायचं. बस. थोड्या वेळाने मांड्या थरथरतात, खांदे पेटतात, आणि नेमक्या त्या वेळी लाओशी येऊन खांद्यावर एक बोट टेकवत आणि म्हणत, ‘सुंग.’ सैल सोड. त्या बोटाखालून काहीतरी ओघळून जाई; मग जबडा सुटे, जिभेचं मूळ सुटे, भुवयांमधली गाठ सुटे, आणि इतकी वर्षं पोटात आपण काहीतरी आवळून धरलं होतं हे ते सुटल्यावरच कळे.

श्वास त्या मोकळ्या जागेत आपण होऊन उतरे.

उतरणं हेच मला नवं होतं. आमच्या घरात श्वास वर जायचा. पहाटे मांडी घालून बसलेले आजोबा, त्यांचा ताठ कणा, आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली ती जागी होणारी, वर झेपावणारी कुंडलिनी. लहानपणी ऐकलेल्या त्या ओव्यांतून मनात एक जिना बांधला गेला होता आणि त्याच्या सगळ्या पायऱ्या आकाशाकडे होत्या. वरचं ते थोर, खालचं ते सोडून द्यायचं. इथे मात्र लाओशी नाभीच्या खाली तीन-चार बोटांवर हात ठेवायला सांगत. त्या जागेला तानथ्येन म्हणतात, अमृताचं शेत. तिथे आधी मुरू दे, मग पुढचं बोलू.

उतरण्याची ही शिकवण जुनी आहे. थ्येनचिनच्या संग्रहालयात जेडचा एक छोटा, बारा पैलूंचा ठोकळा आहे. लढत्या राज्यांच्या काळातला, म्हणजे सव्वादोन हजार वर्षांहून जुना. त्याच्या पैलूंवर पंचेचाळीस अक्षरांत श्वासाचा प्रवास कोरलेला आहे: आत घेतलेला श्वास साठतो, पसरतो, खाली जातो, स्थिरावतो, घट्ट होतो, आणि मगच त्याला कोंब फुटतो. वर चढण्याच्या आधी उतरणं. छांगशाजवळ मावांगत्वेइला, इ.स.पू. 168 मध्ये बंद झालेल्या आणि 1973 मध्ये उघडलेल्या थडग्यात, रेशमावर रंगवलेल्या चव्वेचाळीस माणसांचं एक चित्र सापडलं. तुकडे झालेलं, पुन्हा जुळवलेलं. त्यात बायका आहेत, पुरुष आहेत, कुणी अस्वलासारखं झुकलंय, कुणी पक्ष्यासारखे हात पसरलेत. आणि सगळ्यांचे पाय जमिनीला असे चिकटलेत की पाहता पाहता आपल्याच तळव्यांत जडपणा येतो. प्राचीन चिनी तत्त्वज्ञ च्वांगत्सूने तर सांगूनच ठेवलंय की खरा माणूस टाचांतून श्वास घेतो, बाकीचे घशातून. फार वर्षं मला ही गंमत वाटत असे. त्या बागेत, गोठलेल्या मातीवर, एकदा श्वास सोडताना काहीतरी मांड्यांतून, पोटऱ्यांतून सरकत टाचांत जाऊन बसलं, आणि तेवढ्यापुरता मी कुठेही जायला निघालेलो नव्हतो.

नंतर फेरा शिकवला जातो. लहान आकाशफेरा असं त्याचं नाव. तानथ्येनमधून ऊब खाली उतरते, बैठकीशी असलेल्या बिंदूला वळसा घालते, पाठीच्या कण्याने वर चढते, टाळूवर क्षणभर विसावते आणि कपाळ, नाक, कंठ, छाती अशी पुढच्या अंगाने परत नाभीखाली येते. चढ पाठीमागे, न दिसणारा. उतार पुढे, डोळ्यांदेखत. जीभ टाळ्याला टेकवून ठेवायची, कारण तिथे दोन वाटांमध्ये खंड आहे आणि जीभ हाच पूल. या पुलाला मॅगपाय पक्ष्यांचा पूल म्हणतात. सातव्या महिन्याच्या सातव्या रात्री आकाशगंगेच्या दोन तीरांवर ताटातूट झालेले गुराखी आणि विणकरीण भेटतात, तेव्हा मॅगपाय पंखाला पंख लावून त्यांना वाट करून देतात. तोंडात लाळ जमते, ती घोटाघोटाने गिळायची आणि मनाने तिच्यासोबत खाली जायचं. वर्षानुवर्षं विरहात असलेले दोघे आपल्या तोंडात भेटतायत आणि आपल्याला फक्त जीभ हलू द्यायची नाहीये!

मन जिथे पोचतं तिथे ची पोचते, असं लाओशी म्हणत. पण मन पोचवायचं कसं? इथेच सगळं नाजूक होतं. प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेन्शियसने विशाल, दुथडी भरलेल्या चीबद्दल बोलून लगेच सुंग राज्यातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली आहे. रोपं वाढत नाहीत म्हणून तो कासावीस झाला, एकेक रोप धरून त्याने वर ओढलं आणि थकून घरी येऊन म्हणाला, आज रोपांना वाढायला मदत केली. मुलगा धावत शेतात गेला. रोपं माना टाकून पडली होती. या गोष्टीची पाठराखण पुढे इतिहासानेच केली: 1980च्या दशकात चीनमध्ये छीकुंगची, म्हणजे याच ची-साधनेची, लाट आली, बागा माणसांनी भरून गेल्या, कुणी अलौकिक शक्तींचे दावे केले, आणि जबरदस्तीने ची ढकलताना डोकं बिथरलेल्या लोकांवर उपचार करायची वेळ तिथल्या डॉक्टरांवर आली. जे आपण होऊन येतं ते नुसतं पाहावं: सहाव्या शतकातला बौद्ध आचार्य चिह-ई याने बसलेल्या माणसाला होणारे आठ स्पर्श मोजून ठेवले आहेत. त्यांत खाज आहे, गारवा, ऊब, हलकेपणा, जडपणा, खरखर आणि बुळबुळही आहे. येतील, जातील. धरून ठेवू नका.

कुणी म्हणेल, ही ऊब म्हणजे सैलावलेल्या रक्तवाहिन्या आणि तिथे लागलेलं लक्ष. असेलही, माझा त्याच्याशी वाद नाही. लक्ष लावल्याने हात गरम होतो, एवढीही गोष्ट मला पुरेशी अद्भुत वाटते. ची नावाचं काही तिथे वाहतं का, हे ठरवल्यावाचून ते वाहणं अनुभवता येतं, आणि माझ्या मते या विद्येची सगळ्यात मोठी सभ्यता हीच आहे की ती आधी विश्वास मागत नाही, आधी गुडघे मोडायला सांगते.

तेव्हा करून पाहणार असाल तर पोटावरचा पट्टा सैल करा, पाय जमिनीला पूर्ण टेकू द्या, आणि वर काही न्यायची घाई करू नका. डोकं जड वाटू लागलं, कानशिलं ठणकली, तर फेरा तिथेच सोडा आणि लक्ष तळपायांत आणा. उठण्याआधी दोन्ही तळवे नाभीखाली थोडा वेळ ठेवायला विसरू नका. हा भाग सगळेच टाळतात. आणि शक्य असेल तर एकट्याने शिकू नका. खांद्यावर बोट टेकवणारं कुणीतरी जवळ असू द्या.