न थांबणारा पंखा

जूनचा पहिला पाऊस पडला की आठ दिवस माझा फोन हातातून सुटत नाही. बदलापुरात कात्रपच्या पेट्रोल पंपापासून शिरगावपर्यंत वीज येते, जाते, पुन्हा येते आणि त्यातला एखादा झटका एसीच्या बोर्डाला बसतो. तक्रारी ठरलेल्या असतात. कूलिंग नाही, पाणी गळतंय, रिमोट घेत नाही. पण त्या रात्री साडेदहाला एका आजींचा फोन आला तो वेगळा होता. "दादा, रिमोटनं बंद केला, दिवा गेला, तरी आत पंखा चालूच आहे. पेट तर घेणार नाही ना हो?"

म्हटलं, घाबरू नका, एमसीबी खाली पाडा, सकाळी येतो.

सकाळी पोचलो तेव्हा कळलं की आदल्या दिवशी कुणी मेकॅनिक येऊन "पीसीबी उडाली, अख्खा बोर्ड नवीन टाकावा लागेल" असं सांगून गेला होता. त्यानं झाकण उघडलंच नव्हतं. मी रिमोट बाजूला ठेवायला सांगितला आणि नुसता एमसीबी वर केला. झडप मिटलेली, बाहेरचं युनिट गप्प, आणि आत ब्लोअर लगेच फुल स्पीडला. रिमोट हाती घेऊन स्पीड कमी केला, जास्त केला. आवाजात काही फरक नाही.

वीस वर्षं या कामात आहे. पंखा आपल्या मर्जीनं चालत नाही, हे एवढ्या वर्षांत पक्कं डोक्यात बसलंय. त्याला कुणीतरी 'चाल' म्हणतंय. ते कोण, हे शोधायचं. कधी कधी तर ते सांगणं रास्तही असतं. हल्लीच्या बऱ्याच एसींमध्ये बंद केल्यावर कॉइल सुकवायला ब्लोअर काही मिनिटं मुद्दाम चालतो, म्हणजे आत ओल राहून बुरशी धरत नाही. असा फोन आला तर मी अर्धा तास थांबायला सांगतो. बहुतेकदा दुसरा फोन येत नाही.

आजींकडे तसं नव्हतं. एमसीबी पाडला, कपॅसिटर रिकामा व्हायला थोडा वेळ दिला आणि उजव्या अंगाचा बोर्ड बाहेर काढला. ब्लोअरच्या अशा मोटरचा स्पीड बोर्डावरचा एक ट्रायॅक ठरवतो. तीन पायांचा, नखाएवढा काळा तुकडा. हुकूम आला की तो वाट उघडतो, नाहीतर बंद ठेवतो. मल्टिमीटर बीपवर लावून दोन्ही टोकं त्याच्या दोन मुख्य पायांवर टेकवली. जिथं शांतता हवी तिथं मीटर सलग वाजत राहिला. ट्रायॅक आतून शॉर्ट झाला होता. बाहेरून ना डाग, ना तडा. बोर्डापासून सोडवून पुन्हा तपासला, तरी वाजला. बोर्डावर त्याच जागी मीटर लावला तर गप्प. म्हणजे बोर्ड धडधाकट होता, दार तेवढं उघडं अडकलं होतं.

माझ्या डब्यात असे ट्रायॅक असतात. ते आणायला बदलापूरहून दादर, तिथं गाडी बदलून ग्रँट रोड आणि मग चालत लॅमिंग्टन रोड. महिन्याकाठी एक फेरी असतेच. वीस-पंचवीस रुपयांचा माल, पण तो जवळ नसेल तर माणूस मुकाट्यानं अख्खा बोर्ड बदलतो.

ट्रायॅक लावून झाला तरी मी झाकण लावलं नाही. सुरुवातीच्या वर्षांत तिथंच उठायचो, आणि आठ-पंधरा दिवसांत तोच ट्रायॅक पुन्हा जळायचा. म्हणून आता ब्लोअर हातानं फिरवून बघतो. आजींचा जड फिरत होता. पात्यांत काळी ओली धूळ खच्चून बसलेली आणि मोटरचा बुश कोरडा. मोटर जड झाली की करंट जास्त ओढते आणि ट्रायॅक तापतो. विजेच्या झटक्यानं त्याला शेवटचा धक्का दिला असेल, पण तब्येत आधीच बिघडली होती. ब्लोअर धुतला, बुश बदलला. मग रिमोटनं बंद केला आणि आम्ही दोघं ऐकत उभे राहिलो. फरफर हळूहळू मंदावली, थांबली.

त्याच वर्षी डिसेंबरात न्यू जर्सीहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. "मामा, तळघरातला फर्नेसचा पंखा थांबतच नाहीये आणि हवा गार येतेय." तिकडं थंडीत गॅस जाळून हवा तापवतात आणि मोठा ब्लोअर ती पाइपांतून घरभर ढकलतो. मी तसलं यंत्र कधी उघडलेलं नाही, पण प्रश्न तोच होता: त्याला 'चाल' कोण म्हणतंय? आधी भिंतीवरचा थर्मोस्टॅट बघायला लावला. पंखा 'ऑन'वर असेल तर तो चालतच राहतो. 'ऑटो'वर होता. मग फिल्टर काढायला सांगितला. कॅमेऱ्यासमोर धरला तर करड्या लोकरीसारखा गच्च. हवा अडली, आत उष्णता कोंडली आणि लिमिट स्विचनं गॅस तोडून पंखा चालू ठेवला, आतला धातू फाटू नये म्हणून. तो पंखा बिघडला नव्हता, राखण करत होता. वायर ओढून कुणी तो बंद केला असता तर राखणदारच गेला असता. नवा फिल्टर लागला, भट्टी निवली, पंखा आपला आपण थांबला.

तेव्हा तुमच्याकडं एसीचा पंखा अर्ध्या तासानंही थांबला नाही, तर झडपेत हात घालू नका, एमसीबी पाडा. येणाऱ्या माणसानं मीटर न लावता बोर्ड गेला म्हटलं, तर कुठला भाग गेला ते दाखवायला सांगा. आणि बोर्ड बदललाच, तर जुना मागून घ्या. तो तुमचा आहे.