सायलस मार्नरचा माग

दिवसभर विव्हिंग लॅबमध्ये लूमचा खडखडाट ऐकून विटलेल्या पोराने सुट्टीत परत एका विणकराचीच गोष्ट वाचावी, म्हणजे कमालच! पण माझा रूम पार्टनर वसईचा. त्यांच्या घरी कपाटात बायबलशेजारी 'सायलस मार्नर' होतं. "घे, तुझ्या ब्रँचचं पुस्तक," म्हणून त्याने ते माझ्या अंगावर फेकलं.

ही कादंबरी १८६१ची. लेखिका जॉर्ज इलियट, म्हणजे खरं तर मेरी अ‍ॅन इव्हान्स. सायलस हा इंग्लंडमधला हातमागवाला, लँटर्न यार्ड इथल्या एका छोट्या, कडक ख्रिस्ती पंथातला. जिवलग मित्रच चर्चच्या पैशांची चोरी त्याच्यावर ढकलतो. मंडळी प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकतात आणि देव म्हणे यालाच चोर ठरवतो! ठरलेलं लग्न मोडतं, मुलगी त्याच मित्राशी लग्न करते. सायलस देव सोडतो, गाव सोडतो. रॅव्हेलो नावाच्या खेड्यात पंधरा वर्षं नुसता विणतो आणि रात्री सोन्याची नाणी मोजतो. एक दिवस तीही चोरीला जातात.

मग थर्टी फर्स्टची रात्र. बाहेर बर्फात अफूच्या नशेतली एक बाई मरून पडलेली. तिची चिमुरडी उजेड बघून याच्या उघड्या दारातून आत येते. सायलसला धड दिसत नाही. शेकोटीपुढे पिवळं काही चमकतंय, सोनं परत आलं, म्हणून तो हात लावतो, तर हाताला लागतात मऊ कुरळे केस!

पुढचा भाग मी दोनदा वाचला. काम करताना पोर कुठे जाऊ नये म्हणून तो एपीला कापडाच्या पट्टीने मागाला बांधतो. ती कात्रीने पट्टी कापून पसार. शिक्षा म्हणून कोळशाच्या कोनाड्यात कोंडली, तर थोड्या वेळाने बाईसाहेब आपणहून परत त्यात जाऊन बसतात! आमच्या इचलकरंजीच्या घरात, मी रांगत असताना, आई माझ्या कमरेला सुताची दोरी बांधून दुसरं टोक खाटेला अडकवायची. मागाकडे जायला नको म्हणून.

एपीचा खरा बाप गावच्या जमीनदाराचा मुलगा, गॉडफ्री. लग्न चोरून केलेलं. मेलेली बायको समोर बघूनही तो गप्प बसतो. सोळा वर्षांनी खाणीतलं पाणी आटतं आणि त्याच्या भावाचा सांगाडा सापडतो, शेजारी सायलसचं सोनं. तेव्हा कुठे तो दुसऱ्या बायकोला सगळं सांगतो आणि दोघं मुलगी मागायला सायलसच्या दारात येतात.

इथे मी पुस्तक मिटून गच्चीवर गेलो.

कारण सांगतो. बारावीनंतर अ‍ॅडमिशनची कागदपत्रं शोधताना ट्रंकेत मला दत्तकपत्र सापडलं, माझं. ज्यांना मी थोरले काका म्हणतो ते माझे जन्मदाते. आप्पा-आईला मूल नव्हतं, काकांचा मी तिसरा. गल्लीतल्या सगळ्यांना माहीत, मी सोडून. गेल्या दिवाळीत काका म्हणाले, पुढचं शिक्षण मी करतो, याला आमच्याकडे पुण्याला राहू दे. आप्पा एवढंच बोलले, "दादा, त्यालाच विचारा की." सायलसही असंच म्हणतो, मुलीलाच विचारा, मी आड येणार नाही.

कागदाचा प्रश्न नाही. १९५६च्या कायद्याप्रमाणे झालेलं दत्तक रद्द होत नाही. (पार्टनर म्हणाला, तुमचं बरंय; ख्रिश्चनांना बरीच वर्षं १८९०च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळायचं, पूर्ण दत्तकाची वाट २००० नंतरच्या बालन्याय कायद्याने नीट मोकळी झाली.) आणि काका काही गॉडफ्री नाहीत. त्यांनी उघड दिलं, सह्या करून. त्यामुळे धड रागावताही येत नाही. एपीला 'नाही' म्हणायला एक पान पुरलं. माझा मार्च उजाडला.

इलियटने स्वतः चर्चवरचा विश्वास सोडला होता, तरी मला ही गोष्ट ख्रिस्तीच वाटते. पोरीच्या बाप्तिस्म्यासाठी म्हणून सायलस परत चर्चची पायरी चढतो. पण चिठ्ठ्या चुकीच्या का पडल्या, ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही. विचारायला लँटर्न यार्डला जातो, तर तिथे एक मोठी फॅक्टरी उभी! हे मला फार खरं वाटलं.

रविवारी फोनवर आप्पांना सगळी गोष्ट सांगितली. काकांचं नाव दोघांनीही काढलं नाही. आप्पांनी एकच विचारलं, "पोरगी पळाली तेव्हा मागावर काय चाललं होतं त्याचं?"

"नवीन ताणा लावत होता."

"मग तसाच पडला असणार तो," आप्पा म्हणाले.