बटणांतला पखवाजी

तुरीचे पैसे हाती आले त्या आठवड्यात वडिलांनी जालन्याहून कीबोर्ड आणला. तूर होती आमच्या बदनापूरच्याच संशोधन केंद्राने काढलेल्या ‘बीडीएन ७११’ वाणाची. तेव्हा माझ्या संगीताचा पाया इथल्या काळ्या मातीतच आहे, असं म्हणायला हरकत नाही!

घरची जुनी पेटी मी बऱ्यापैकी वाजवत होतो. पण हे प्रकरण निराळं निघालं. ‘व्हॉइस’ बदलला की त्याच पट्टीतून पेटी, सतार, नाही तर बासरी बोलू लागते. ‘स्टाईल’ म्हणजे तयार साथ. डाव्या हाताने कॉर्ड धरायची, की ठेका आणि बेस तिच्यामागे चालू लागतात. इंट्रोने आरंभ, फिल-इनने मधला तोडा, एंडिंगने समाप्ती. आमच्या मंडळाचा सूर काळी एक आणि माझी बोटं पांढरी एकला बसलेली. ट्रान्सपोज एकाने वर केला, तीही अडचण मिटली.

आजोबा चाळीस वर्षं भजनात पखवाज वाजवतात. त्यांना मी मोठ्या हौसेने भजनाची स्टाईल लावून दाखवली. ते म्हणाले, “बरं झालं. आता मी सुटलो.” सगळे हसले, आजोबा हसले नाहीत. पुढचे काही दिवस पखवाज गवसणीतच होता.

एकादशीला त्यांचं बोट दुखावलेलं होतं. “ठेका मी देतो,” मी ऐटीत म्हणालो. गल्लीतल्या मारुतीपुढे कीबोर्ड मांडला, टेम्पो नव्वदवर ठेवला. अभंग छान रंगला. मग बुवांनी गजर धरला, लय चढवली, टाळकरी उभे राहिले आणि माझं यंत्र नव्वदवरच! टेम्पोचं बटण चाचपायला गेलो, तर बोट पडलं एंडिंगवर. भर गजरात यंत्राने आपली सुरेख समाप्ती करून टाकली. टाळ एकेक करून थांबले. मला मान वर करवेना.

घरी येताना आजोबा एवढंच म्हणाले, “त्याचा ठेका चुकत नाही रे. पण ते बुवाच्या तोंडाकडं बघत नाही.”

मित्रहो, पट्टीच्या वाद्यांवर असा राग जुनाच आहे. दोन पट्ट्यांमधले सूर पेटीतून निघत नाहीत, तिला मींड जमत नाही, या आक्षेपापायी १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती. तरीही पेटी टिकली, कारण वाजवणाऱ्यांनी तिच्या मर्यादा ओळखून साथ केली. मला तेच शिकायचं होतं. कोणतं बटण दाबायचं हे पुस्तिकेत सापडलं. कोणतं दाबायचं नाही हे त्या एकादशीने शिकवलं.

आता स्नेहसंमेलनात चित्रपटगीत असलं की मी स्टाईल खुशाल लावतो. तिथे लय ठरलेली असते. पहाटे रियाजालाही लावतो. मात्रा पक्क्या होतात. भजनात मात्र स्टाईल बंद. फक्त पेटीचा व्हॉइस, त्याखाली हळू आवाजात व्हायोलिनचा थर, आणि नजर बुवांकडे.

आणि ठेका? संध्याकाळी मी कीबोर्डची वायर गुंडाळायला लागलो की आजोबा आईला हाक मारतात, “सूनबाई, धुमेला लावायला वाटीभर कणीक दे.”