हा आपला की त्यांचा?

आमच्या आजीचे हिंदी कल्हईवाल्याशी घासाघीस करण्यापुरते होते. त्यापुढे तिचे गाडे जात नसे, आणि जावे अशी तिची इच्छाही नव्हती. पण १९९४ साली दूरदर्शनवर ‘चंद्रकांता’ सुरू झाली आणि दर रविवारी सकाळी आजी मेथीची जुडी घेऊन सर्वांच्या आधी टीव्हीसमोर बसू लागली.

आता ही गोष्ट नवख्या माणसाला सोपी नव्हे. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकन्या चंद्रकांता, दोन घराण्यांचे वैर आणि चुनारगढच्या शिवदत्ताचा राजकन्येवर डोळा, इथवर ठीक. पण त्यात ऐयार! ऐयार म्हणजे अर्धा हेर आणि अर्धा बहुरूपी. बटव्यातले औषध हुंगवून शत्रूला बेशुद्ध करायचे, गाठोड्यात बांधून पाठीवर टाकायचे आणि त्याचेच रूप घेऊन त्याच्या जागी उभे राहायचे. आजीला एखादा चेहरा ओळखीचा होतो न होतो, तोच तो भलताच कोणी निघे. मग ती मला ढोसून विचारी, “अगं, हा आपला की त्यांचा?”

एकट्या क्रूरसिंहाबद्दल तिला कधी विचारावे लागले नाही. त्याच्या झुपकेदार भुवया दिसल्या आणि ‘यक्कू’ कानी पडले, की ती मेथीची काडी त्याच्यावर रोखून म्हणे, “आला मेला!”

अण्णांचे दुखणे निराळे. ते हायस्कुलात हिंदी शिकवीत, आणि देवकीनंदन खत्रींची मूळ कादंबरी त्यांनी तरुणपणीच वाचलेली. मालिकेने पुस्तकातली नावे घेऊन कथा पुष्कळ ठिकाणी आपल्या मनाने वाढवली होती. खत्रींच्या तिलिस्मात कळा होत्या, यंत्रे होती, औषधे होती. इथे त्यांच्या जागी जादू अवतरली. दर पाच मिनिटांनी अण्णा म्हणत, “पुस्तकात असे नाही!”

एका कानाशी “हा कोण?” आणि दुसऱ्या कानाशी “पुस्तकात नाही!” मध्ये मी, चौदा वर्षांची. एका रविवारी मी आजीवर खेकसले, “कळत नाही तर बघतेस कशाला?”

आजी काही बोलली नाही. पुढच्या रविवारी ती आली, बसली. पण तिने एकदाही काही विचारले नाही. आम्ही हसलो की ती हसे. मात्र थोड्या उशिराने.

त्यानंतरच्या रविवारी अण्णांनी आपली खुर्ची उचलून आजीच्या शेजारी ठेवली आणि मालिका सुरू होण्यापूर्वी तिला पहिल्यापासून गोष्ट सांगितली. टेकडीच्या पायथ्याशी दोन मित्र बोलत बसले आहेत. एक वीरेंद्र, दुसरा त्याचा ऐयार तेजसिंह. कादंबरीची सुरुवात खरोखरच अशी आहे. वाचकाने येऊन त्यांच्या शेजारी टेकावे इतकी साधी! मग पडद्यावर कोणी आले की अण्णा हळूच सांगत, “आई, हा आपला.” ‘पुस्तकात असे नाही’ हे वाक्य त्या दिवसापासून आमच्या घरातून हद्दपार झाले.

पुढे मी प्राध्यापकी करू लागले तेव्हा ती कादंबरी वाचली. ती १८८८ सालची. चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेतलेल्या खत्रींनी तिथले पडके किल्ले पाहिले होते, आणि त्यांची भाषा बोलण्यातली होती. रामचंद्र शुक्लांसारख्या समीक्षकाने त्यांच्या कादंबऱ्यांना वाङ्मयाच्या पंगतीत पाट दिला नाही. पण हिंदीला इतके वाचक दुसऱ्या कोणी मिळवून दिले नाहीत, हे त्यांनाही कबूल करावे लागले. ही गोष्ट वाचता यावी म्हणून कित्येक उर्दू वाचणारे हिंदी शिकले!

अशा कादंबरीची मालिका करणाऱ्याला अण्णा आणि आजी असे दोन प्रेक्षक सांभाळावे लागतात. आजीला जपले तर अण्णा कुरकुरतात. अण्णांना जपले तर आजी मुकाट्याने बाजूला पडते. कुरकुर निदान ऐकू तरी येते.

हे सारे ठाऊक असून गेल्या वर्षी काय झाले पाहा. वर्गात एका जुन्या कादंबरीविषयी रंगून बोलत होते. मागल्या बाकावरच्या मुलाने विचारले, “मॅडम, हा कोण?”

“आधी वाचून या,” मी म्हटले. वर्ग हसला. तोही हसला. थोड्या उशिराने.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी टिपणांची वही मिटून ठेवली, खुर्ची टेबलामागून बाकांपाशी ओढून घेतली आणि गोष्ट पहिल्यापासून सांगितली. तास संपता संपता त्या मुलाने पुन्हा हात वर केला. मला इतके बरे वाटले म्हणून सांगू!