पथ्य आणि पंगत

धर्मगुरूच्या जीवनात ताटाला एक आगळे स्थान आहे. बाप्तिस्म्यापासून अंत्यविधीपर्यंत भाविकांच्या सुखदुःखाचा एकही प्रसंग चहावाचून वा जेवणावाचून पुरा होत नाही. "फादर, दोन घास तरी घ्या," या आग्रहात विश्वास असतो. ज्या घरी आपण जेवतो, त्या घरची माणसे आपल्यापाशी मन मोकळे करतात. म्हणून धर्मगुरूला पोटाचे दुखणे जडले, की ते पोटापुरते राहत नाही.

काही वर्षांपूर्वी मला ते जडले. पोट फुगणे, कळा येणे, कधी जुलाब तर कधी मलावरोध. दीर्घ मिस्साविधीच्या आदल्या रात्री मी धास्तीने जेवत नसे. तपासण्यांत आतड्यास सूज वा जखम आढळली नाही. डॉक्टरांनी 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम' असे निदान केले. या विकारात आतडे आणि मेंदू यांच्यातील संवाद बिघडतो व साधा वायूही वेदना देतो. हे मनाचे खेळ नव्हेत, हे त्यांचे शब्द मला मोठा धीर देऊन गेले.

उपचारात आहाराचा वाटा मोठा होता. मेलबर्न येथील पीटर गिब्सन व स्यू शेपर्ड यांनी २००५ साली 'फॉडमॅप' ही संज्ञा मांडली. काही शर्करा लहान आतड्यात पुरत्या शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढून घेतात आणि मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांना आंबवून वायू निर्माण करतात. कांदा, लसूण, गहू, दूध, राजमा, चणे, सफरचंद, आंबा यांत त्या विपुल असतात. तांदळाची भाकरी आणि मासळी मात्र निर्धोक! आपल्या वसईकरांस याहून मोठा दिलासा कोणता?

लसणाची उणीव स्वयंपाकघरातच भरून निघाली. त्यातील त्रासदायक शर्करा पाण्यात विरघळते, तेलात नाही. अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या, तर फोडणीला स्वाद राहतो आणि पोटही शांत राहते.

या पथ्याचा गाभा मला प्रायश्चित्तकाळाने समजावला. चाळीस दिवसांच्या त्यागाला पुनरुत्थानाचा सण ही सीमा असते. या पथ्यालाही सीमा आहे. कडक वर्ज्य दोन ते सहा आठवडेच पाळायचे. नंतर एकेक पदार्थ थोड्या प्रमाणात परत घेऊन, आपल्याला काय व किती सोसते हे पाहायचे. माझ्या पोटाला दोन चपात्या चालतात, अर्धा कप दुधाचा चहा चालतो. कांदा मात्र चालत नाही. जो पहिल्याच पायरीवर थांबतो, त्याचे पोषण घटते आणि तो पंगतीलाही पारखा होतो.

हे पथ्य सर्वांनाच गुणकारी ठरते असे नाही. म्हणून ते आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावे. गहू सोडण्यापूर्वी सीलिअॅक रोगाची तपासणी करून घ्यावी. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, रक्तक्षय, रात्री झोपमोड करणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असल्यास पथ्याच्या भरवशावर न राहता डॉक्टरांकडे जावे.

आता कुटुंबभेटीस जाण्याआधीच मी कांद्याविषयी कळवून ठेवतो. त्याने कोणी दुखावले नाही. उलट निराळेच घडले. एका घरी वाढता वाढता गृहिणी हळूच म्हणाली, "फादर, माझंही असंच होतं. म्हणून मी कुणाच्या लग्नाला जात नाही." कित्येक वर्षे तिने हे घरातही सांगितले नव्हते. आपल्या धर्मग्रामात असे मुकाट्याने सोसणारे आणखी किती असतील? वाचकहो, तुमच्या घरी कोणी वरचेवर 'मला भूक नाही' असे म्हणत असेल, तर त्याला जेवणाचा आग्रह करण्यापूर्वी प्रेमाने विचारा, "तुला काय सोसतं?"