वाजवी मुदतीत

आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया सांगलीला झाली आणि ऑक्टोबरात मी तिला आमच्याकडे घेऊन आले. आम्ही राहतो शिमल्याजवळ, मशोबऱ्याला. "ऐन थंडीत म्हातारीला तिकडे कुठे नेतेस?" असं जो तो म्हणत होता. पण सांगलीच्या घरी तिच्याजवळ थांबणारं कोणी नव्हतं, आणि माझं अनुवादाचं काम कुठेही बसून होतं. आठवड्यातून दोनदा तिला फिजिओथेरपीसाठी शिमल्यात न्यायचं, दहा-अकरा किलोमीटर. गाडी होतीच. वर्षभरापूर्वी घेतलेली, विजेवरची. क्लच नाही, गिअरचा हिसका नाही. पहिल्या फेरीतच आई म्हणाली, "झोपाळ्यात बसल्यागत वाटतंय गं."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गाडीचा हीटर बंद पडला.

तोवर मी हीटरचा विचारही केला नव्हता. पेट्रोलच्या गाडीत तो करावाही लागत नाही. तिथे इंधनातल्या ऊर्जेचा मोठा भाग नुसती उष्णता होऊन वाया जातो. हीटर त्यातलीच थोडी आत वळवतो. विजेच्या मोटरीत असं फारसं काही वाया जात नाही, म्हणून ऊब वेगळी तयार करावी लागते. आमच्या गाडीत त्यासाठी सिरॅमिकचा हीटर आहे. तापत गेला की त्याचा विजेला होणारा विरोध वाढतो, त्यामुळे तो स्वतःच स्वतःला आवरतो. हे सगळं मला नंतर कळलं. हेही कळलं, की तो मोठ्या बॅटरीच्या शेकडो व्होल्टवर चालतो आणि नारिंगी वेष्टणाच्या त्या तारांना कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने हात लावायचा नसतो. म्हणजे चंदीगड. एकशेपंधरा किलोमीटर खाली.

थंडी सोसता येते. आईला स्वेटर, मफलर, वर सांगलीहून आणलेली गोधडी. खरी अडचण काचेची. दोन माणसांचा श्वास गार काचेवर जाऊन बसतो आणि पाच मिनिटांत समोरचा रस्ता पुसून जातो. खिडकी उघडली तर काच थोडी निवळते, पण बोचरा वारा थेट आईच्या खुब्यावर. मग आई मांडीवर फडकं घेऊन बसायची आणि पुढे वाकून काच पुसायची. ज्या पायाला वाकणं जड जात होतं, त्याच पायावर जोर देऊन. "माझं काय, मी पुसते. तू समोर बघ."

एका सकाळी सावलीतल्या वळणावर समोरून बस आली आणि मला ती दिसली नाही, ऐकू आली. आम्ही थांबलो तेव्हा आईचा हात फडक्यासकट काचेवरच होता. त्या दिवशी आम्ही दोघी घरी परतेपर्यंत बोललो नाही.

चंदीगडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये भर दुपारी हीटर छान चालला. कागदावर लिहून आलं, 'दोष आढळला नाही.' दुसऱ्या खेपेला मी गाडी रात्रभर तिथेच ठेवली. सकाळच्या गारठ्यात दोष आढळला. भाग मागवावा लागेल, वॉरंटीत आहे, पैसे लागणार नाहीत. किती दिवस? काउंटरवरचा मुलगा अतिशय सभ्य होता. म्हणाला, "हो जाएगा, मैडम." मी अनुवादक आहे, या वाक्यात कर्ता नाही हे मला लगेच दिसलं. करणारा कोणी नाही, फक्त होणारं काहीतरी आहे. पुढचे सहा आठवडे मी हेच वाक्य फोनवर ऐकलं. मध्ये एकदा भाग आला, तो दुसऱ्याच मॉडेलचा. चिडले तेव्हा तो मुलगा हळूच म्हणाला, "गाडी चल तो रही है ना?" आधी बंद गाड्या, मग चालत्या. माझी चालत होती. हीटर त्यांच्या यादीत 'आराम' या सदरात होता. काच दिसणं हा आराम कसा, हे मी त्याला विचारलं. यादी त्याने केली नव्हती.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला, तक्रार नोंदवली. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा वाचला. विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत आयोगाने निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असं त्यात आहे. म्हणजे थंडी संपल्यावर.

मग एका रात्री वॉरंटीची पुस्तिका काढून बसले. हिंदी मजकुरात होतं, दुरुस्ती 'उचित समय में' केली जाईल. वाचताच चरकले. सहा-सात वर्षांपूर्वी एका एजन्सीमार्फत मी घरगुती उपकरणांच्या अशाच एका पुस्तिकेचा मराठी अनुवाद केला होता आणि तिथे लिहिलं होतं, 'वाजवी मुदतीत'. तेव्हा मी त्या शब्दावर खूश होते. वाजवी हा मूळचा अरबी वाजिब. वाजिब म्हणजे बंधनकारक, करायलाच हवं असं. आपल्याकडे येईपर्यंत त्याचं वाजवी झालं, म्हणजे बेताचं, पटण्याजोगं. बंधन कुठल्या कुठे गेलं. ते वाक्य कोणाच्या तरी घरी, कोणत्या तरी ऐन गरजेच्या दिवसांत, कोणीतरी असंच रात्री वाचलं असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

जानेवारीत आईने फिजिओथेरपीला जायचं बंद केलं. कारण सांगितलं नाही. "घरीच करते व्यायाम," म्हणाली. फेब्रुवारीत मावसभाऊ येऊन तिला सांगलीला घेऊन गेला. जाताना तिने ते फडकं धुऊन, घडी घालून गाडीच्या कप्प्यात ठेवलं होतं. तिचा पाय आजही पूर्ण वळत नाही. सगळा दोष हीटरवर टाकता येणार नाही. वय आहे, हाड आहे, माझा हट्ट आहे. पण त्यातला वाटा कोणाचा किती, हे आता कोणत्याही आयोगाला ठरवता यायचं नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हीटर बसला. दोन तास लागले. परत येताना वरच्या उतारांवर बुरांस लाल फुलले होते आणि मी खिडक्या उघड्या ठेवून गाडी चालवली.

एप्रिलमध्ये त्याच एजन्सीकडून त्याच जुन्या पुस्तिकेची सुधारित आवृत्ती आली. मी शंका लिहून पाठवली: 'वाजवी मुदतीत' म्हणजे किती दिवसांत? आकडा मिळू शकेल का? दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. मूळ मजकुरात आकडा नाही, आधीचाच अनुवाद कायम ठेवावा.

अनुवादकाने मूळ मजकुरात नसलेलं वचन द्यायचं नसतं. मी शब्द तसाच ठेवला आणि बिल पाठवलं. पैसे पंधरा दिवसांत येतील, असं त्यांनी कळवलं आहे.