बाहीवरचे पंख

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस सॉमरसेट परगण्यात येव्हिल्टन नावाचे चिमुकले गाव आहे. सभोवार सपाट कुरणे. समुद्राचा कोठे मागमूसही नाही. तरीही १९४० पासून येथे नौदलाचा विमानतळ आहे आणि त्याला लागूनच ‘फ्लीट एअर आर्म’चे संग्रहालय. बोगमाळ्याचे आपले नौदल विमान संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना विमानांचे तितकेसे अप्रूप वाटणार नाही. मला खिळवून ठेवले ते युद्धकाळातील छायाचित्रांनी.

आपली नजर सवयीने छातीकडे जाते. भारतीय नौदलाचा वैमानिक पंखांचे चिन्ह तेथे लावतो. ब्रिटिश नौदलाच्या निळ्या कोटावर मात्र ते डाव्या बाहीवर, मनगटाजवळील सोनेरी पट्ट्यांच्या वेटोळ्यावर असते. हात पाठीशी बांधून उभा राहिलेला वैमानिक त्यामुळे साधा दर्यावर्दीच वाटतो! पंख उजव्या बाहीवर दिसले, तर कोटाची बटणे पाहावीत. तीही विरुद्ध बाजूस असली, तर चित्रच उलटे छापले गेले आहे.

पट्टे सरळ असले, तर मनुष्य पेशाने नौदलातला. नागमोडी असले, तर स्वयंसेवक राखीव दलातला, म्हणजे कालपरवापर्यंत कदाचित कारकून किंवा विद्यार्थी. वेटोळ्यात ‘ए’ हे अक्षर असले की तो हवाई शाखेचा. खलाशाच्या टोपीच्या फितीवर नौकेचे नाव नसून नुसते ‘एच. एम. एस.’ असेल, तर चित्र बहुधा युद्धकाळातले. गुप्ततेसाठी नावे काढली होती. हे दल मे १९३९ मध्ये हवाईदलाकडून पूर्णपणे नौदलाकडे आले. तेव्हा त्याआधीच्या विमानवाहू नौकेवर हवाईदलाचे गणवेश दिसले, तर गोंधळू नये.

सर्वांत अन्याय होतो तो निरीक्षकावर. ‘स्वोर्डफिश’ विमानात तिघे बसत: वैमानिक, निरीक्षक आणि बिनतारी यंत्र सांभाळणारा तोफची. युद्धाच्या आरंभी निरीक्षकाला पंखच नव्हते. १२ फेब्रुवारी १९४२ रोजी इंग्लिश खाडीत जर्मन युद्धनौकांवर अशी सहा विमाने गेली. सहाही पडली, अठरांपैकी पाचच वाचले. मृत्यू तिघांना सारखाच, पण घरच्या अल्बमात पंख नसलेला मुलगा ‘उडणारा नव्हता’ असे पुढची पिढी खुशाल म्हणते. संग्रहालयात एक वृद्ध बाई आपल्या मामाचे चित्र भिंग लावून न्याहाळीत होत्या. पंख नव्हते, वेटोळ्यात पुसटसा ‘ए’ मात्र होता. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

ज्यांना समुद्रावाचून दुसरी कबर नाही, अशांची नावे ली-ऑन-द-सोलेंट येथील स्मारकावर कोरली आहेत. तेथे जाण्यापूर्वी चित्राची मागची बाजू जरूर पाहावी. छायाचित्रकाराचा शिक्का आणि गावाचे नाव पुष्कळदा तेथेच सापडते. अल्बमातून चित्र ओरबाडून काढले, तर नेमके तेच डिंकाबरोबर जाते.